उजव्या कानातल्या आवाजाबाबत

विषय : उजव्या कानात विनाकारण वाजणारा आवाज आणि त्यामुळे उडालेली झोप.
संदर्भ : रेवदंडा बंदरावरच्या बाकावरील मंडळींची रोजची तोंडी विचारणा, "काय, आज कसा आहे?"

सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो, म्हणून मांडणी अशी. पण आजाराचे किस्से फायलींपेक्षा भराभर साचतात, हे निवृत्तीनंतर कळलं. फाइल निदान कोणी मागितल्याशिवाय उघडत नाही. आजार बाकावर बसल्याबरोबर उघडतो.

*

पहिल्या दिवशी वाटलं, कुकर लावलाय. बायकोला ओरडून सांगितलं, गॅस बारीक कर. ती अंगणात कपडे वाळत घालत होती आणि कुकर फडताळात होता.

अलिबागला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या मुलीने मला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. नोकरीत कुठलंही काम मी इतकं मन लावून केलं नव्हतं. दाबतच राहिलो. शेवटी तिने दार उघडलं.

"काका, मी मशीन अजून सुरूच केलेलं नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसेचं दुखणं आहे, कमीजास्त होत राहील, सवय करून घ्या. किती दिवस, असं विचारलं तर त्या पुढच्या पेशंटचे कागद चाळू लागल्या.

*

बाकावर माझ्या शेजारी हिरा नाखवा बसतो. आयुष्य बोटीच्या इंजिनाजवळ गेलं, आता बोट मुलगा नेतो. त्याला सगळं सांगितलं तर तो हसला.

"माज्या कानान तं इंजिनच हाय."

कधीपासून, म्हटलं.

"लग्नाच्या आधीपासून."

नाखव्याच्या नातीचं लग्न यंदा झालं. 'सवय करून घ्या' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. जेवण गेलं नाही.

*

दुसरा सल्लागार पाटील. एसटीतला निवृत्त कंडक्टर, चालत्या गाडीत उभ्याने झोप काढलेला माणूस. त्याने फुकट उपाय सांगितला : आवाजावर आवाज टाकायचा. पंखा फुल आणि उशाशी रेडिओ. केलं. गाढ झोपलो! सकाळी बायको चहा पुढे ठेवून समोर बसली, डोळे लालभडक.

"अहो, तुमचा आवाज निदान तुमच्यापुरता होता."

तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत झोपते. झोपते म्हणजे आडवी होते. मी कूस बदलली की तिकडून विचारते, "वाढला का?" माझं एक वेळ ठीक आहे, पण तिच्या कानात काहीच नसताना तिची झोप गेली, ही गोष्ट मला आवाजापेक्षा जास्त खाते.

*

एकदा सकाळी उठलो तर आवाज बंद. आनंद व्हायचा सोडून धाबं दणाणलं. कानच गेला की काय! पाटलाला फोन लावला, म्हटलं, काहीतरी बोल. तो पेन्शनवर बोलला, आणि दुर्दैवाने सगळं ऐकू आलं. मग दिवसभर बसून राहिलो, आता सुरू होईल, मग सुरू होईल. संध्याकाळी बारीक सूर लागला आणि त्या रात्री मला छान झोप लागली. हे डॉक्टरीणबाईंना कसं सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.

*

आमच्या कुंपणालगत विजेची डीपी आहे. एकदा खिडकी उघडली आणि लक्षात आलं, डीपी आणि माझा कान एकाच सुरात वाजताहेत. मनात आलं, आवाज माझा नसेलच तर? कानातला असेल तर सवय करायची. डीपीतला असेल तर वायरमन पाना घेऊन येईल. बसल्या बैठकीत अर्ज लिहिला. कितीतरी दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पाहणीला एक तरुण इंजिनिअर आणि वायरमन भर दुपारी आले. रीतसर पंचनामा व्हावा, असा आग्रह मीच धरला. पंच म्हणून पाटील आणि नाखवा. दोघांनी डीपीच्या दिशेने कान दिला आणि आवाज येतो असं सांगितलं. तो येतच होता. बायको पायरीवर येऊन उभी राहिली.

वायरमनने लाइन बंद केली. आळीतले पंखे, टीव्ही, पंप, सगळं गप्प झालं.

"थांबला," पाटील म्हणाला.

"भायेरचा थांबला," नाखवा म्हणाला. इंजिनिअरने 'थांबला' एवढंच लिहून घेतलं.

माझा चालू होता. उलट त्या शांततेत जास्तच.

पायरीवरून बायकोने विचारलं, "अहो, थांबला?" तिचा इतका मोकळा चेहरा मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

"थांबला," मी म्हणालो.

ती आत गेली आणि ऐन दुपारी, पंखा बंद असताना, झोपली. लाइट आले तरी उठली नाही.

डीपी बदलण्याचा प्रस्ताव अलिबागच्या कार्यालयात गेला आहे. परवा चौकशी केली. अर्ज प्रलंबित आहे.