मंगल राहते कुठं

“उद्या पायरीवर कुत्रं झोपलं, तर त्याचाबी दाखला काढाल का, भाऊसाहेब?”

तात्या तलाठ्याला असं म्हणाला. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, ती हसली. मंगल तिथंच पायरीवर बसलेली होती, तात्याच्या पायापासून हातभर लांब. तिच्यासमोर बोलू नये असं कुणाला वाटलं नाही. पायरीसमोर कोण लाजतं?

मी झाडू घेऊन बाजूला उभी होते. जुन्नरच्या पेठेत मी दुकानांपुढं झाडते. नवरा गेला तेव्हापासून हेच काम. चौथीपर्यंत शिकले आहे, सही येते, वाचता येतं. तात्या खताचा आणि फवारणीच्या औषधाचा दुकानदार. गावाकडं बागायत, टोमॅटोच्या पिकअप गाड्या. दोन पिढ्यांपासून त्यांचं नाव पेठेत मोठं. नाव मोठं म्हणजे काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पायरी मात्र रुंद आहे.

त्या पायरीवर मंगल झोपते. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय वाळून काठ्या झाले. हातात चपला घालते आणि हातांवर चालते. महाळुंगे पडवळच्या बाजूची. आई होती तोवर घर होतं. आई गेली आणि भावांनी तिला एस. टी.त बसवून दिलं. जुन्नरला उतरली ती पेठेतच राहिली. भावांनी रेशनकार्डातून नाव काढलं, म्हणजे तिकडं ती नाही. इकडं कुणी लिहून देत नाही, म्हणजे इकडंही नाही.

सरकारची निराधारांची पेन्शन आहे. दर महिन्याला खात्यावर येते. ती मंगलला मिळावी म्हणून मी हिंडत होते. दया आली म्हणून नाही. दयेनं पोट भरत असतं तर मंगल आतापर्यंत लठ्ठ झाली असती. माझ्या खोलीशेजारी एक पत्र्याची शेड रिकामी आहे. मालक म्हणाला, दरमहा भाडं मिळणार असेल तर देतो. मंगलनं मला एकच विचारलं होतं.

“आतून कडी हाय का?”

“हाय.”

“मग बघ माझ्यासाठी.”

रस्त्यावर झोपणाऱ्या बाईला कडी कशाला हवी असते, ते मी इथं लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं.

अपंगत्वाचा दाखला काढायला तिला पाठीवर घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. पाय सगळ्या जगाला दिसतात, पण दाखला लागतो. मिळाला. बँकेत खातं निघालं. अडलं ते राहण्यावर. कचेरीत सांगितलं, तलाठी जागेवर येऊन पंचनामा करील. दोन पंच लागतील, आणि जागेवाल्याची हरकत नको.

तर तलाठी आला, आणि तात्याला कुत्रं आठवलं.

तलाठी तरुण पोरगा. वाईट नाही, नुसता गुळमुळीत. म्हणाला, “तात्या, राहते का न्हाई एवढंच सांगा.”

“राहत न्हाई. असती.”

“म्हणजे?”

“म्हणजे असती इथं कधीमधी. आज राहती म्हणून लिहून दिलं, तर उद्या पायरीवर हक्क सांगंल. परवा दुकानावर सांगंल.”

पायांच्या काठ्या झालेली बाई याच्या दुकानावर हक्क सांगणार होती. भिणाऱ्याला काय, सावलीही पुरते. मी पुढं झाले आणि म्हटलं, “भाऊसाहेब, मी देते साक्ष. मी रोज पहाटे तिला उठवून पायरी झाडते.”

तात्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. तलाठ्याला म्हणाला, “हिची साक्ष? माझ्या दारातला कचरा उचलती ही. पंच म्हणजे चारचौघांत बसणारा माणूस लागतो.”

गिऱ्हाइकं पुन्हा हसली. तलाठ्यानं कागद पिशवीत घातला. “जागेवाल्याची हरकत आहे म्हटल्यावर मी काय लिहू, मावशी?” असं म्हणून मोटारसायकलला किक मारली.

मी झाडू उचलला आणि पुढच्या दुकानासमोर गेले. दुपारपर्यंत झाडत होते. हात झाडत होते, कान तिथंच राहिले होते. कचरा यांचा, टाकतात हे, आणि उचलते म्हणून खोटी मी.

दुसऱ्या दिवशी मी बाकीच्या दुकानांत गेले. सगळे चारचौघांत बसणारे. कापडवाला म्हणाला, “आजी, रोज बघतो की तिला. पण सही नको, लफडं व्हतं.” औषधाच्या दुकानातला म्हणाला, “मी भाड्यानं हाय, मला कशाला ओढता?” भांडीवाल्यानं पोराला हाक मारून मंगलला बिस्किटांचा पुडा द्यायला लावला. कापडवाल्यानं जुनी शाल दिली. सगळ्यांनी काहीतरी दिलं. सही कुणी दिली नाही. शाल दिली की देणारा मोठा होतो. सही दिली की घेणारा मोठा होतो. ते यांना कसं सोसणार?

त्याच आठवड्यात शनिवारी अमावास्या आली.

आता तात्याच्या घरचं सांगायला हवं. त्याच्या आईला पेठेत सगळे माई म्हणतात. माझ्याच वयाची. तिच्या नातवाची टोमॅटोची पिकअप घाटात उलटली होती, पोराचा हात मोडला. माईनं पत्रिका दाखवली. ज्योतिष्यानं साडेसाती सांगितली. शनी देव पांगळा, म्हणून दान पांगळ्या माणसाच्या हातातच पडलं पाहिजे. काळे उडीद, तिळाचं तेल, लोखंडाचा खिळा, काळं फडकं. पोरावरून उतरायचं, उंबऱ्याबाहेर काढायचं, आणि एकदा बाहेर काढलं की परत घरात न्यायचं नाही. नेलं तर पीडा दुप्पट होते म्हणतात.

पेठेत पांगळी एकच. माई दर शनिवारी मंगलला शोधत यायची. मंगल कुठं असते, हे तिला कधी विचारावं लागलं नाही.

त्या शनिवारी पहाटे मी मंगलला उठवलं आणि म्हटलं, “आज माई येईल.”

“येऊ दे की.”

“तात्यानं सरकारी माणसाला सांगितलंय, तू इथं राहत न्हाईस.”

मंगल हसली. तिचे पुढचे दोन दात नाहीत, हसली की लई खट्याळ दिसते. म्हणाली, “मग आज मी न्हाईच.”

माई आली. हातात ताट, अंगावर चांगलं लुगडं. मागून तात्या दुकान उघडायला आलेला. माईनं ताट पुढं केलं. “घे गं मंगल.”

मंगलनं दोन्ही हात काखेत घातले.

“घे की. हात काढ.”

“कुणाला देताय, माई?”

“तुला. आणि कुणाला?”

“मी इथं न्हाई. तुमच्या लेकाला इचारा.”

माईला काही कळेना. मी झाडता झाडता सांगितलं, “माई, तात्यांनी तलाठ्याला सांगितलंय, ही बाई इथं राहत न्हाई. मग तुमी आज बरोबर इथंच कशा आलात?”

तात्या ओरडला, “ए म्हातारे, तुझं काम कर.”

“तेच करते,” मी म्हटलं. “तुमच्या दारातला कचरा उचलते.”

लोक थांबले. माई घाबरीघुबरी. ताट जड, खाली ठेवायची सोय नाही, घरी न्यायची सोय नाही. ती मंगलला म्हणाली, “अगं लेकराचं हाय. घे माझी बाय.” आजपर्यंत ‘माझी बाय’ म्हटलं नव्हतं. दान टाकायची, हात पुसायची आणि वळायची.

मंगल म्हणाली, “मी इथं राहती का न्हाई, ते आधी लिवून द्या.”

“तात्या,” माई म्हणाली, “दे लिहून.”

“आई, तुला यातलं कळतं का काही?”

“मला एवढं कळतं की पोरावरून उतरलंय. आता हे घरात नेऊ काय? तू देतोस का मी देऊ सही?”

तात्यानं तलाठ्याला फोन लावला. सुट्टीचा दिवस. मंगलसाठी यायला त्या पोराला पंधरवडा लागला होता. तात्याचा फोन गेला आणि चहा निवायच्या आत तो हजर. मला हसू आलं. रस्ता तोच, मोटारसायकल तीच.

तात्या खालमानेनं पुटपुटला, “माझी हरकत न्हाई.”

तलाठ्यानं लिहिलं. सदर महिला या ठिकाणी राहते. माईनं एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं सही केली. मायेनं केली असं कुणी म्हणू नये. भीतीनं केली. मला तिची माया नको होती, सही हवी होती.

तात्या पुढं झाला. “दुसरी मी करतो. लवकर मिटवा.”

“दुसरी माझी,” मी म्हटलं.

तलाठी तात्याच्या तोंडाकडं बघायला लागला.

“त्यांच्याकडं काय बघता, भाऊसाहेब? झाडणारीची सही चालत न्हाई असं कुठं लिहिलंय?”

“लिहिलेलं न्हाई, मावशी.”

“मग कागद इकडं करा.”

मी पूर्ण नाव लिहिलं. बापाचं दिलेलं, नवऱ्याचं, आडनाव. आडनाव मुद्दाम ठळक लिहिलं, कारण आडनाव वाचूनच आमची जागा ठरवतात हे लोक. वाचा म्हटलं सावकाश.

माई म्हणाली, “झालं ना? आता घे.”

मंगलचे हात काखेतच होते. तिनं विचारलं, “माई, सही खरी केली का खोटी?”

“खरी की.”

“मग खऱ्याचा मोबदला कशाला? मी इथं राहती म्हणून सही झाली. तुमची साडेसाती मी का घेऊ?”

तात्याच्या तोंडाला फेस आला. “फसवलं भिकारड्यांनी.”

“कबूल कुणी केलं व्हतं?” मी विचारलं. “ती दान घेते म्हणाली का? सही द्या म्हणाली.”

गर्दीतला कुणीतरी खिदळला. “तात्या, आता तुमीच पांगळं व्हा अन् घ्या.” तात्यानं शटर धाडकन खाली ओढलं. माईनं रिक्षा केली आणि ताट मांडीवर घेऊन नारायणगावच्या बाजूला गेली, लंगडा माणूस शोधायला. सापडला की नाही, मी चौकशी केली नाही.

एवढ्यानं सगळं गोड झालं असं वाटत असेल, तर वाचणाऱ्यानं इथंच थांबावं. तात्यानं मला कामावरून काढलं. त्याच्या मर्जीतली आणखी तीन दुकानं सुटली. आधी सही नको म्हणणारा कापडवाला मला रस्त्यात गाठून म्हणाला, “आजी, बरं केलंत.” हळू म्हणाला, इकडंतिकडं बघून. अशा माणसापेक्षा मला तात्या परवडला.

मंगलचं पेन्शनचं प्रकरण कमिटीपुढं आहे. मंजूर होईल की कुणी नवी खोट काढील, मला माहीत नाही. शेड अजून रिकामी आहे. मंगल त्याच पायरीवर झोपते. तात्या दुकान बंद करताना पायरीवर बादलीभर पाणी ओतून जातो. ती फडक्यानं पुसते आणि तिथंच अंग टाकते. मी म्हटलं, पलीकडच्या पायरीवर जा, कोरडी आहे. म्हणाली, “कागदावर ही लिवलीय.”

परवा स्टँडवरचा एका हाताचा माणूस माझ्याकडं आला. उसाच्या चरकात हात गेलेला. मालकानं दवाखान्याच्या दारात सोडला तो सोडला. “मावशी, माझीबी साक्ष देता का?” मी विचारलं, झोपतोस कुठं? त्यानं जागा सांगितली. मी दोन पहाटे जाऊन बघून आले. होता तिथं. सही देणार आहे.

त्या जागेचा मालक हरकत घेईलच. तलाठी पुन्हा गुळमुळेल. त्या दिवशी मी झाडू उचलून पुढं गेले होते, तशी आता जाणार नाही. मालकासमोर उभी राहीन आणि म्हणेन, नुसतं तोंडानं बोलू नको. हा माणूस इथं राहत नाही, असं तुझ्या नावानिशी लिही, खाली सही कर, आणि तो कागद माझ्या सहीशेजारी लाव. एकाची खोटी ठरेल. माझी ठरणार नाही.