बीड थंडीनं आकसतं

लग्न होऊन ईटला आले त्या हिवाळ्यात हे एकदा म्हणाले, "बीड थंडीनं आकसतं, म्हायतीय का?" मी उमरग्याकडची. मला वाटलं, हे शेजारच्या जिल्ह्याबद्दल बोलताहेत. "मग आपला जिल्हा उन्हाळ्यात वाढतो का?" असं विचारून बसले. यांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मला तिथं कळलं. पुढं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा चहाबरोबर मिळायचा.

वर्कशॉपला लागून माझी खव्याची भट्टी. इंजिनात पिस्टन ज्या बिडाच्या नळीतून खालीवर होतो, तिला लायनर म्हणतात. यांचे लायनर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या डीप फ्रीजरात, खव्याच्या शेजारी बसायचे. मी कटकट करायची, हे कानाडोळा करायचे. गारठून लायनर केसभरही आकसत नाही, पण तेवढ्यावर काम होतं. इंजिनाचा ब्लॉक उन्हात तापू द्यायचा, लायनर त्याच्या भोकावर सरळ धरायचा आणि एका दमात आत सोडायचा. हात अडखळला की ब्लॉकची ऊब लागून लायनर फुगतो आणि मध्येच रुतून बसतो. मग तो फोडूनच काढावा लागतो.

मागच्या दिवाळीनंतर यांना अर्धांगाचा झटका आला. हलका होता. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हातात थरथर राहिली. वर्कशॉप बंद करा, असं सगळे म्हणत होते. मी म्हणत नव्हते. ते काम गेलं तर या माणसाकडं काय उरेल, याची मला भीती वाटायची.

अशात सोनारीच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला. यांनी कुणाला न विचारता काम घेतलं. फ्रीजरातून लायनर काढला, फडक्यात धरून ब्लॉकवर नेला, आणि हात हलला. लायनर निम्म्यात अडकला.

"मालच खराब असंल, मालक," शेतकरी म्हणाला. भला माणूस.

"माल चांगलाय," हे म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "दुसरा ठेव फ्रीजरात. उद्या तू सोड."

"मला न्हाय जमायचं."

"एवढी वर्षं बघतीस की."

दुसऱ्या दिवशी अडकलेला लायनर फोडून काढला आणि मी नवा सोडला. खरं तर फक्त वेळेवर हात काढून घेतले. तो सरळ खाली जाऊन बसला. हे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

"बसला?"

"बसला."

शेतकऱ्यानं सवयीनं यांनाच विचारलं, "मालक, ट्रॅक्टर न्यायला कधी येऊ?"

"मला काय इचारताव? मिस्त्री तिथं उभी हाय."

हे हसत होते. मला ते हसणं बघवलं नाही.