पाच इंच वर

आमची जीप मी पाच इंच उंच करून घेतली. सांगायला एवढंच आहे. पण हे वाक्य कुणासमोर उच्चारायची वेळ आली की माझी जीभ जड होते, म्हणून लिहून काढतो आहे.

आमची म्हणतो खरा, पण जीप अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. ते सिल्लोड तालुक्यात जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. दवाखान्याची ही जीप खात्यानं मोडीत काढली तेव्हा लिलावात त्यांनीच ती घेतली. ज्या गाडीतून रानोमाळ फिरून अडलेल्या म्हशी सोडवल्या ती दुसऱ्याच्या दारात उभी बघवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तिची लाज वाटायची. मित्रांच्या घरी चकचकीत कार येत होत्या आणि आमच्या दारात हे शेवाळी रंगाचं, कापडी छताचं धूड. पुढं नोकरी लागली, आम्ही शहरात आलो, तरी वर्षातून एकदा मी म्हणायचोच, "अण्णा, विकून टाका ते डबडं." अण्णा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन तिला पुसत बसायचे.

तीन वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, बुटक्या आसनावर बसायचं नाही, वाकून कुठं शिरायचं नाही. त्यामुळं माझी कार बंद झाली, कारण तिची सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. रिक्षाही बंद. उरली जीप. अण्णा चांगले सहा फुटी. जीपची डावीकडची सीट बरोबर त्यांच्या बुडाखाली यायची. ते गाडीकडं पाठ करून उभे राहायचे, काचेच्या चौकटीचा दांडा एका हातानं धरायचे, मागं टेकायचे आणि मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचे. चढणं नाही की वाकणं नाही. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना बसता येईल अशी ही एकच गाडी होती, आणि ती आमच्या दारात होती.

गाडी चालवायचे चाचा. चाचा सिल्लोडपासूनचे मेकॅनिक. एकदा त्यांची म्हैस अडली होती आणि अण्णांनी रात्र जागून ती वाचवली होती. तेव्हापासून त्या जीपला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही. पुढं त्यांनी बजाजनगरच्या मागं गॅरेज टाकलं. शुक्रवारी ते बंद असायचं. दुपारची नमाज झाली की चाचा स्कूटरवरून आमच्याकडं यायचे, अण्णांना जीपमध्ये बसवायचे आणि दोघं खुलताबादला जायचे. चाचा दर्ग्यात जाऊन यायचे तोवर अण्णा बाहेरच्या हॉटेलासमोर जीपमध्येच बसून चहा प्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शेळ्या बघायचे. कुणाची शेळी लंगडत असली की हाक मारून बोलवायचे. येताना पिशवीभर पेरू. ऑपरेशननंतर अण्णांचा सगळा आठवडा त्या शुक्रवारवर टांगलेला असायचा. गुरुवारी संध्याकाळपासूनच त्यांचा आवाज चढायचा.

चाचांचे दोन नियम होते. गाडी ज्याची, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मोठ्या कामाला हात लावायचा नाही. आणि काम झाल्यावर गाडीत पहिल्यांदा मालकानंच बसायचं, तोवर चाचा बॉनेटपाशी हात पुसत उभे राहणार. मालक बसला, मान हलवली की काम संपलं. सिल्लोडला तर म्हणे एका ट्रकमालकासाठी त्यांनी गाडी दोन दिवस अडवून धरली होती, कारण तो लग्नाला गेला होता.

आता माझं सांगतो. मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. माझं कामच मोजायचं. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस, अशी माझी ख्याती आहे आणि मला तिचा माज आहे. आमच्यातले काहीजण रविवारी मोठ्या चाकांच्या गाड्या घेऊन डोंगरात जातात. त्यांच्या नादानं मीही एकदा जीप काढली. खुलताबादच्या मागच्या बाजूला एका ओढ्यात तिचं पोट दगडावर टेकलं आणि चाकं नुसती फिरत राहिली. मला दोरी लावून बाहेर काढलं. तो व्हिडिओ सोमवारी अख्ख्या कँटीननं पाहिला. "दूधवाल्याची गाडी," कुणीतरी म्हणालं. वीस वर्षं मी ज्या गाडीला डबडं म्हणत आलो, तिला दुसऱ्यानं नावं ठेवल्यावर मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली.

पंधरा दिवस मी वहीत आकडे मांडत होतो. जीपचं वजन लोखंडी पाट्यांच्या कमानींवर तोललेलं असतं. त्या कमानी काढून जास्त बाकदार कमानी बसवल्या की गाडी तीन इंच वर येणार होती. मोठे टायर घातले की आणखी दोन. चाक मडगार्डला कुठं घासेल, ब्रेकचे पाइप किती लांब लागतील, इंजिनाकडून चाकांकडं जाणारा खालचा दांडा किती तिरका होईल, सगळं मी मोजलं. दिव्यांची उंचीसुद्धा मोजली. सीटची नाही मोजली.

वही घेऊन मी चाचांकडं गेलो. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"साब कू पूछे क्या?"

"पूछा ना चाचा. उनोंच बोले."

किती सहज बोललो मी! घरी अण्णांना सांगितलं होतं, जीप सर्व्हिसिंगला टाकतो. त्यांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते असंही नाही. पण मग आठ दिवस ते खुर्ची टाकून गॅरेजमध्ये बसले असते, प्रत्येक नटाला प्रश्न विचारला असता, आणि मला ते नको होतं. मला एकदम तयार गाडी दारात आणून सगळ्यांना थक्क करायचं होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाची ही हौस.

चाचांनी माझ्याकडं पाहत वही मिटली. मग म्हणाले, "ठीक है. साब बोले तो करना पडता."

नऊ दिवसांनी गाडी तयार झाली. काय दिसत होती! चाचा बॉनेटपाशी हात पुसत उभे. "साब कू लेके आव. मालक पैले बैठता."

"घरीच बसतील ना," मी म्हणालो आणि उडी मारून आत चढलो. आरशात पाहिलं तर चाचा अजून हात पुसत होते.

पोर्चमध्ये जीप मावेना, छत वर घासायला लागलं. म्हणून ती गेटबाहेर कडुनिंबाखाली उभी केली. बायको बाहेर आली. मान वर करून म्हणाली, "याची शिडी कुठंय?" मी खो खो हसलो. अण्णा काठी टेकत आले. एक फेरी मारली. टायरवर तळवा ठेवला, वाकता येत नव्हतं तरी मान तिरकी करून खाली पाहिलं.

"लई भारी केलीस रं," ते म्हणाले.

"बसा ना अण्णा."

"आज नको. कंबर धरलीय सकाळधरनं."

शुक्रवारी चाचा आले. अण्णा म्हणाले, आज पोट बरं नाय. पुढच्या शुक्रवारी ऊन लई. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चाचांनी कारणच विचारलं नाही. दोघांनी व्हरांड्यात चहा घेतला, चाचा स्कूटरला किक मारून गेले. मग ते महिन्यातून एकदा येऊ लागले. मला हे सगळं दिसत होतं. दिसत नव्हतं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. पण म्हातारी माणसं, मूड असतो एकेक, असं म्हणून मी ते बाजूला सारायचो. माझे रविवार जोरात चालले होते. तो ओढा मी तीनदा पार केला. घरी आल्यावर अण्णा विचारायचे, "दगडं किती मोठी होती? पाणी कुठवर आलं?" मी हातवारे करून सांगायचो आणि ते लहान मुलासारखे ऐकायचे. त्यांना आनंद होत होता यात शंका नाही, आणि त्याचाच मला आता जास्त त्रास होतो.

सहा महिने असे गेले. एक दिवस मी कारखान्यातून लवकर निघालो. गल्लीच्या तोंडाशी कार वळवली आणि थांबलो. कडुनिंबाखाली अण्णा होते. स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल त्यांनी जीपच्या डाव्या बाजूला ठेवलं होतं. काठी मडगार्डला टेकवली, दांडा धरला, बरा पाय स्टुलावर ठेवला आणि अंगाला हिसका दिला. अंग वर गेलं नाही. थोडं थांबून पुन्हा दिला. स्टूल कलंडलं, ते दांड्याला लोंबकळल्यासारखे झाले, सावरले. तेवढ्यात समोरच्या बंगल्यातून कुणी बाहेर आलं. अण्णांनी खिशातला रुमाल काढला आणि जीपचं मडगार्ड पुसायला लागले, जणू त्यासाठीच आले होते.

मी धावत जायला हवं होतं. मी गाडी मागं घेतली. चौकात जाऊन एक चहा प्यायलो, मग आणखी एक. अर्ध्या तासानं घरी आलो तर स्टूल स्वयंपाकघरात जागेवर होतं आणि अण्णा पेपर वाचत होते. "लवकर आलास?" म्हणाले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. आपण केवढे नालायक आहोत हे माणसाला एकदम कळतं तेव्हा आधी राग येतो, आणि तो भलतीकडंच निघतो. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ जास्त आहे म्हणून बायकोवर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. अण्णांनी सांगितलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो, आणि आता जीप होती तशी करून द्या.

चाचा टायरच्या ढिगावर बसले होते. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मालूम है बेटा. उसीच दिन फोन लगाया था मैं साब कू."

"मग?"

"मैं बोला, साब, गाडी पाच इंच उप्पर जाती, तुम कैसा बैठते? वो बोले, करून टाक. वीस वर्षांत पोरानं पहिल्यांदा तिला आपली म्हटलंय. माझं काय, मी बघून घेतो." अण्णांचं बोलणं चाचांनी मराठीतच सांगितलं, शब्दाला शब्द. मग उठून कोपऱ्यातलं पोतं ओढलं. आत जुन्या कमानी होत्या, ग्रीस लावून ठेवलेल्या.

म्हणजे मी खोटं बोललो ते त्याच दिवशी दोघांनाही ठाऊक होतं. सहा महिने रोज समोरासमोर जेवत होतो आम्ही. अण्णा मला ओढ्यातलं पाणी कुठवर आलं ते विचारत होते.

चार दिवसांत जीप खाली आली. चाचांनी जुन्या मापाचे टायर कुठून तरी मिळवले. शुक्रवार होता. ते स्वतः ती चालवत घेऊन आले आणि पोर्चमध्ये, तिच्या जुन्या जागी, उभी केली. मग उतरून बॉनेटपाशी हात पुसत उभे राहिले. "साब, मालक पैले बैठता."

अण्णांनी स्वच्छ सदरा घातला होता. ते जीपकडं पाठ करून उभे राहिले. दांडा धरला. मागं टेकले. सीट बरोबर होती तिथंच आली. त्यांनी चांगल्या पायाच्या मांडीखाली हात घातला आणि पाय उचलला. वीतभर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा उचलला. मी पुढं झालो तर त्यांनी नजरेनंच थांबवलं. सहा महिने खुर्चीत बसून त्यांच्या पायातलं बळ गेलं होतं. जीप पाच इंच खाली आली होती, पण अण्णा मधल्या काळात त्याहून खाली गेले होते आणि त्यांना वर आणायला कुठलीही कमान नव्हती.

ते सीटला टेकूनच थोडा वेळ उभे राहिले. मग काठी घेतली, बाजूला झाले आणि चाचांना म्हणाले, "उंची एकदम बरोबर झाली. पण मालक मी कुठंय आता? मालक हा. ह्याला बसव."

चाचा खाली बघून हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"बस की," अण्णा मला म्हणाले. "त्यांना खोळंबून नको ठिवू."

मी वळसा घालून गेलो आणि बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवले. डावीकडची सीट रिकामी होती आणि तिच्यापलीकडं अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या बरोबर समोर.

"जमतंय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. काम संपलं म्हणून चाचांनी फडकं खिशात कोंबलं आणि गॅरेजवर राहिलेली स्कूटर घ्यायला ते रिक्षानं निघून गेले.