आठ दिवसांचं धुणं

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. अक्षर उधळलेल्या बैलासारखं कुठेही जातं आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. पण आत्याबाईंबद्दल लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सहा गोधड्या धुवायला त्यांना आठ दिवस लागत. एरवी बाई इतकी झपाट्याची, की कोंबडा आरवायच्या आत दळण आटोपून मोकळी. पण वैशाखात गोधड्या घेऊन पूर्णा नदीवर उतरली, की तिचे हात एकदम जड व्हायचे.

मोठा दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला सोबत घेतलं. गाडीत गोधड्या, पीठ, तवा, वांगी आणि सगळ्यांच्या वर जमादार. जमादार हा आमचा कुत्रा. दिवसभर झोपायचा आणि जेवणाला बराबर हजर व्हायचा, म्हणून ते नाव. आत्याबाई त्याला अहो-जाहो करत. "जमादार, सरका जरा. सुनंला बसू द्या."

मामंजी आम्हाला सोडून गावी परतले. आम्ही काठावर पळाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं, खोपटं उभं केलं, प्यायच्या पाण्यासाठी वाळूत झिरा उकरला. पहिल्या दिवशी एकच गोधडी भिजवली. "भिजू दे गं. घाई केली की टाका उसवते," असं म्हणून आत्याबाई डोहात गळ्यापर्यंत जाऊन बसल्या. मी काठावर पदर सावरत उभी.

"काहून अशी उभी राह्यली? इथं कोण सासू हाय तुझी?"

सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले, ते तिथे.

दुपारी भरीत-भाकर खाऊन बाभळीखाली झोपायचं. संध्याकाळी जमादार चिखलात लोळून यायचा आणि वाळत घातलेल्या गोधडीवर पाठ घासायचा. आत्याबाई त्याला हाकलत नसत. "झालं! आता अजून एक दिवस. जमादारापुढं कुणाचं चालते बाई?" वर त्याला अर्धी भाकर.

पाचव्या दिवशी मामंजी न सांगता गाडी घेऊन आले. नेमकी दुपारी वावटळ उठली होती, म्हणून आम्ही वाळलेल्या गोधड्या घड्या घालून ठेवल्या होत्या. जमादाराला सकाळीच आत्याबाईंनी हौसेनं अंघोळ घातली होती. तो सावलीत चकचकीत होऊन पडला होता.

"झालं का धुणं?"

"होऊन राह्यलं की," आत्याबाई डोहातूनच म्हणाल्या.

"मला तर घड्या दिसून राह्यल्या."

आत्याबाई घाईनं काठावर आल्या. "उठा की जमादार," त्या हळूच म्हणाल्या. जमादारानं एक डोळा उघडला आणि मिटला.

"पुढच्या सालापासून धुणं आपल्या हिरीवर," मामंजी म्हणाले. "दोन दिवसांत. नदीबिदी काही न्हाई."

  आत्याबाई ओल्या लुगड्याचा पदर पिळत राहिल्या.

"सुनंला इचार, किती राह्यल्या," मामंजी त्यांना म्हणाले. "ती खोटं बोलायची न्हाई."

मामंजींसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. सुनेनं बोलायची रीतच नव्हती.  पदराआडून कसाबसा आवाज निघाला.

"मामंजी, तुमचीच गोधडी राह्यली. तिला तीन दिवस लागतील."

त्यांची गोधडी घड्यांच्या ढिगावर अगदी वर होती. त्यांच्या जुन्या लाल फेट्याची किनार लावलेली, लांबूनही ओळखू येणारी. मामंजींनी ती उचलली, नाकाला लावली, बराच वेळ हुंगली.

"व्हय," ते म्हणाले. "वास येऊन राह्यला."

आणि त्यांनी गाडीचे बैल सोडून बाभळीला बांधले.

आत्याबाई गेल्या, त्यानंतरच्या वैशाखात मामंजींनी आपण होऊन गाडी जुंपली आणि घरातल्या गोधड्या एकेक करून आणून गाडीत टाकल्या. सगळ्या स्वच्छ होत्या. पंधरा दिवसांपूर्वीच मी त्या विहिरीवर धुतल्या होत्या.

 मी आत गेले आणि आठ दिवसांचं पीठ बांधून घेतलं.