आकड्याला वास येत नाही

"डिजिटल साहेब परत घाण पाण्यापाशी उभे हायेत," चहाच्या मशीनपाशी सुरक्षारक्षक कुणाला तरी सांगत होता. "एवढा पगार घेऊन वास घेत फिरतेत!" सगळे हसले. मीही हसले, थोडंसं.

डिजिटल विभागाचा प्रमुख दिवसभर स्क्रीनसमोर बसेल, असं कारखान्यात सगळ्यांनी धरलं होतं. साहेब मूळचे सोयगावचे. रोज सकाळी संगणक उघडायच्या आधी ते सांडपाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचे, बाटलीत पाणी घ्यायचे, उजेडात धरायचे, हुंगायचे. टाकीतला, पाण्यातली घाण मोजणारा सेन्सर त्यांनीच बसवला होता, तरीही. "आकड्याला वास येत नाय," म्हणायचे.

त्यांच्या हाताखाली मी अहवाल तयार करायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली; मराठीत बोलण्याआधी वाक्य मनात जुळवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो. साहेब प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत थांबायचे. "सावकाश. मला कुठं गाडी पकडायचीय?"

एकदा ते तीन आठवडे मुख्यालयात होते. त्या दिवसांत पाण्याचे आकडे इतके चांगले आले की सगळे खूश. रविवारी कारखाना बंद असतानाही स्क्रीनवरच्या आलेखाची रेघ तशीच सरळ. मला ते विचित्र वाटलं. कोणाला बोलले मात्र नाही. परतल्यावर साहेब सकाळी टाकीवर गेले, तर सेन्सर बाहेर काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवलेला.

टाकी सांभाळणारे काकडे मामा मान खाली घालून उभे. साहेब शेजारच्या कट्ट्यावर बसले.

"मामा, पाणी बिघडून स्क्रीन लाल झाली की काय होतं?"

"समदे मलाच बोलतेत. हिरवी असली की कोणी फिरकत नाय."

"म्हंजे चूक माझी बी हाय. लाल झाली की पहिला फोन मला यायला पायजे होता."

त्याच दिवशी त्यांनी तशी सोय केली. मला म्हणाले, "अहवालात ते तीन आठवडे कोरे ठेव. कारण लिही."

काही महिन्यांनी त्यांचं पद मुख्यालयात हलवलं. निरोपाचं भाषण त्यांनी टाळलं. टाकीवर मामांसोबत चहा घेतला आणि गेले.

मग वार्षिक अहवालाची बैठक झाली. एका नव्या ग्राहकाला तो दाखवायचा होता आणि कोरी जागा पाहून ऑर्डर हातची गेली असती. कारखानाप्रमुख म्हणाले, "आकडे आहेत की आपल्याकडे. चांगलेच आहेत. भरून टाका, मॅडम."

मी होकाराची मान डोलावेन, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी वाक्य जुळवायला वेळ घेतला. कोणीतरी पेन वाजवत होतं.

"सर, ते आकडे बादलीतल्या पाण्याचे आहेत," मी म्हणाले. "मला तेव्हाच शंका आली होती आणि मी गप्प बसले. आता भरणार नाही."