डाव्या चाकाचं वंगण

"धरून बसा साहेब," माणिक म्हणाला आणि त्यानं ब्रेक दाबला. मोटार थांबली, पण सरळ थांबली नाही. तोंड उजवीकडे फिरवून मैदानाच्या कडेच्या बाभळीपासून चार हातांवर उभी राहिली. मी शेजारच्या सीटवर होतो. डॅशबोर्डला धरलेले हात सोडायला मला जरा वेळ लागला.

"पुन्हा तेच," मी म्हणालो.

"लायनिंग नवं टाकलंय साहेब. मिस्त्रीनं माझ्या डोळ्यांदेखत टाकलं."

माणिकचा चेहरा उतरला होता. आधी दोनदा नापास झालेली गाडी तिसऱ्यांदाही नापास झाली की परमिट रद्द, असा आमच्या ऑफिसचा रिवाज होता. मानवत रोड स्टेशनपासून मानवत गावापर्यंत सवाऱ्या नेणं हाच त्याच्या घरचा धंदा होता. दुसरा नव्हता.

मी मोटार व्हेइकल इन्स्पेक्टर. मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा साताऱ्याकडून माझी इकडे बदली झाली. महिन्यातून एकदा परभणीत कॅम्प लागे. भाड्यानं चालणारी प्रत्येक गाडी तिथं यायची आणि मी तिला फिटनेस द्यायचो किंवा नाकारायचो. फिटनेस म्हणजे ही गाडी माणसं न्यायला लायक आहे, असा सरकारी दाखला. त्यावर माझी सही असे, त्यामुळे पुढे ती गाडी कुणावर गेली तर माझी झोप उडणार हे ठरलेलं होतं.

जुन्या मोटारीचे आजार ठरलेले असतात. स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकं जागची हलत नाहीत, त्याला आम्ही प्ले म्हणतो. हेडलाइट एक रस्त्यावर आणि एक झाडावर. हॉर्न वाजतो, पण ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून दारावर थाप मारली तर जास्त ऐकू येतं. माणिकची मोटार अमेरिकन बनावटीची, एका जहागीरदाराकडची. जहागिरी गेल्यावर त्यांनी ती विकली आणि माणिकच्या घरच्यांनी बैलजोडी विकून घेतली. माझ्या आधीच्या इन्स्पेक्टरांनी तिला पहिल्यांदा नापास केलं तेव्हा वरचे सगळे आजार तिला होते, शिवाय एक दार सुतळीनं बांधलेलं होतं. माणिकनं एकेक करून सगळं दुरुस्त करून आणलं.

गंमत अशी की त्या पहिल्या तपासणीत ब्रेक चांगले होते. तसं रिपोर्टातच होतं. दुसऱ्यांदा गाडी माझ्याकडे आली तेव्हा बाकी सगळं सुधारलेलं आणि ब्रेक मात्र बिघडलेला. गाडी दुरुस्त होता होता बिघडते कशी, याचं मला नवल वाटलं होतं.

"जॅक लाव," मी म्हणालो. "डावं पुढचं चाक काढ."

डावंच का, ते सांगतो. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनिंग नावाची खरखरीत पट्टी बसवलेली असते. पेडल दाबलं की शू फाकतात, पट्टी ड्रमला आतून घासते आणि चाक थांबतं. एका बाजूचं चाक धरलं आणि दुसऱ्या बाजूचं धरलं नाही तर गाडी धरणाऱ्या बाजूला ओढते. गाडी उजवीकडे जात होती, म्हणजे डावं धरत नव्हतं.

ड्रम निघाला. लायनिंग खरंच नवं होतं, पण तेलानं निथळत होतं. तेलकट हातानं घागर उचलायला जावं तशी त्या ब्रेकची गत झाली होती. मी बोट लावून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. लहानपणी ज्याला नाक दाबून एरंडेल पाजलंय तो माणूस तो वास विसरत नाही.

मला वाटलं, उलगडलं. त्या काळी ब्रेक ऑइलमध्येही एरंडेल असे. चाकाशी एक लहानसं सिलिंडर असतं, ते गळत असणार. मी ते उघडून पाहिलं. आत खडखडीत कोरडं होतं, रबर ठणठणीत. बोटाकडे पुन्हा पाहिलं तर त्यावर काळं काहीतरी होतं, काजळीसारखं. ब्रेक ऑइलमध्ये काजळी कुठून येणार?

"मिस्त्रीच करायलाय काहीतरी," माणिक म्हणाला. "मागच्या बारीला त्याला लय बोललो मी. तो म्हणतो, तूच कायतरी वततोस."

"तू ओततोस?"

"मी कामून वतू साहेब? माझंच पोट हाय ते."

आमचे वरिष्ठ त्या दिवशी कॅम्पवर होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"तिसरी वेळ ना? मग रद्द. माझ्याकडे कशाला आणलंत?"

"साहेब, तेल एकाच चाकात येतंय. कुठून येतं ते कळत नाही."

"तुम्हाला कळायची गरज नाही. सही करायची गरज आहे."

"कळल्याशिवाय सही केली तर मला चैन पडणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या कॅम्पपर्यंत. तोवर त्या गाडीत एकही सवारी बसता कामा नये. आणि नंतर हा विषय माझ्यापुढे आणू नका."

मी माणिकला शू धुऊन घ्यायला सांगितले आणि म्हणालो, रिकामी गाडी हळू घरी ने आणि आहे तशी उभी कर. काही दिवसांनी सकाळच्या सरकारी बसनं मानवतला गेलो. माणिक न्यायला येतो म्हणत होता, पण त्या मोटारीत बसायची माझी तयारी नव्हती.

माणिक आंघोळीला गेला होता. मोटार अंगणात उभी होती, उजवी बाजू पार भिंतीला टेकलेली. त्या बाजूनं मांजरसुद्धा गेलं नसतं. डाव्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ डोक्याला रुमाल गुंडाळून मोटार पुसत होते. ते माणिकचे वडील, लिंबाजी. मी कोण हे सांगितल्यावर त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागले. बंपर पुसला, दारं पुसली. मग पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, मधली टोपी पान्यानं सराईतपणे काढली, कमरेचं बांबूचं नळकांडं सोडलं आणि काडीला गुंडाळलेल्या चिंधीनं त्यातलं काळं तेल चाकाच्या पोटात सोडायला लागले.

मी बाजेवरून उठलो. "बाबा, हे काय?"

"वंगण."

"कशाचं?"

"एरंडाचं. घरीच करतो. थोडी काजळी घालतो, मंजी टिकतंय."

"हे कधीपासून घालताय?"

"त्या आदल्या साहेबानं चाक सुकं हाय म्हणल्यापसून." त्यांनी काडी नळकांड्यात बुडवली. "समद्या लोकांम्होरं म्हणला. माणिकनं घरी येऊन सांगितलं. साहेब, जलमभर बैलगाडी हाणली मी ठेसनावर. माझ्या गाडीचं चाक कवा वाजलं न्हाई. लोक म्हणायचे, लिंबाजीची गाडी दारात येऊस्तवर कुत्र्यालाबी कळत न्हाई. अन् माझ्याच दारातल्या मोटारीचं चाक सुकं निघावं?"

आधीच्या इन्स्पेक्टरांचं काही चुकलं नव्हतं. चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीस कमी होतं, ते घट्ट ग्रीस मिस्त्रीनं नंतर भरलंही होतं. पण ग्रीस जागेवर बसून राहतं. हे पातळ तेल बेअरिंगमधून झिरपून थेट ब्रेकवर उतरत होतं. बैलगाडीला ब्रेक नसतो. तिथं वंगण जास्त झालं तर फार तर रस्त्यावर ठिपके पडतात.

"मागच्या चाकाला?"

"त्यालाबी घालतो. पर ते आत घेत न्हाई, भाईरच वघळतंय."

"आणि उजव्या बाजूला?"

"तिकडं हात जात न्हाई, भिंत हाय. माणिकला किती येळा म्हणलं, एक दिस गाडी उलटी लाव, तीबी बाजू करून टाकतो. पर त्यो ऐकंना."

माणिकनं ऐकलं असतं तर गाडी उजवीकडे ओढली नसती. थांबलीच नसती.

तेवढ्यात माणिक ओल्या डोक्यानं बाहेर आला. नळकांडं पाहिलं, उघडं चाक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसला. "आबा, तुमी व्हय? अन् मी मिस्त्रीला नाही नाही ते बोलून आलो."

मी लिंबाजींना ड्रम, शू, लायनिंग सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता चाकाची टोपी जागेवर लावली, हात चिंधीला पुसले.

"मंजी माझ्यामुळं परमीट जायलं व्हतं."

माणिकनं उठून पाना उचलून ठेवला.

"बैल इकले तवा पोरगा म्हणला, आबा, आता तुमी आराम करा," लिंबाजी म्हणाले. "आराम कसा करतेत ते मला येत न्हाई साहेब. हे येवढं एक काम व्हतं. आता हिलाबी हात लावायचा न्हाई म्हणल्यावर मी करू काय?"

मला फार वाईट वाटलं. गाडीचे दोष शोधायचं शिक्षण मला होतं, माणसाला रिकामं बसवायचं नव्हतं. मी बॉनेट उघडायला लावलं.

"हे रेडिएटर. यातल्या पाण्यानं इंजिन थंड राहतं. रोज सकाळी गाडी थंड असताना झाकण काढून बघायचं. कमी असेल तर फडक्यानं गाळून पाणी भरायचं. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, तोंड भाजेल. हे काम रोज कुणीतरी केलंच पाहिजे, आणि माणिकच्या हातून ते रोज व्हायचं नाही."

माणिक लगेच म्हणाला, "मला ध्यानातच ऱ्हात न्हाई."

लिंबाजींनी वाकून आत पाहिलं. "बैलांवाणी सकाळचंच पाजायचं?"

"सकाळचंच."

"किती पितीय?"

"भरेल तितकं."

त्यांनी मान हलवली आणि सुनेला घागर मागितली.

पुढच्या कॅम्पला मोटार आली. धुतलेला ड्रम, पुन्हा नवं लायनिंग. मी शेजारी बसलो, माणिकनं ब्रेक दाबला आणि गाडी जिथल्या तिथं, नाकासमोर उभी राहिली. मी फिटनेसवर सही केली. माणिकनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि आधी मिस्त्रीकडे जातो म्हणाला.

वरिष्ठांनी मला विचारलंच. "काय निघालं शेवटी?"

"वंगण, साहेब."

"नव्हतं?"

"जास्त होतं."

"कुणी घातलं?"

"तो रकाना आपल्या फॉर्मवर नाही."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मी मात्र त्यानंतर एक सवय लावून घेतली. एखादा दोष दुरुस्त होऊनही परत आला की पाना हातात घेण्याआधी मी मालकाला विचारायचो, घरात या गाडीला हात कोण कोण लावतं? लोक आधी हसायचे. मग जरा विचार करून एखाद्या मामाचं नाव सांगायचे.