नाव न विचारण्याचा नियम

मावशी पुरुष आहेत. वय बासष्ट, झुपकेदार मिशी, गुडघेदुखी. तळघरातल्या एका बारमध्ये त्यांनी एकतीस वर्षं गल्ला आणि गिऱ्हाईक दोन्ही सांभाळली. तिथे पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष यायचे. बाहेर ही गोष्ट बोलायची सोय नव्हती.

मावशींचा नियम एकच. खरं नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही. फार पूर्वी पोलिसांनी बारमधली पाहुण्यांची वही नेली होती आणि एकेकाच्या घरी फोन केले होते. तेव्हापासून नवा माणूस आला की मावशी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे आणि जागच्या जागी बारसं उरकायचे. मी साहित्यातली पदवी घेतल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे बेकार! ये शब्दकोशा, बस."

गल्ल्याजवळच्या स्टुलावर इस्त्री बसायचे. कडक शर्ट, म्हणून इस्त्री. बावीस वर्षं, दर शनिवारी. ऐकू कमी यायचं, म्हणून ते मावशींना चिकटून बसत. निदान कारण तरी तेच सांगत.

यंदा बार विकला गेला. माझ्या वयाची मुलं आता फोनवरच्या ॲपवरून भेटतात. मीही तसाच भेटतो. शेवटच्या दिवशी मावशींनी सगळ्यांना बजावलं, "शनिवारी दुपारी चार, समोरचं चहाचं दुकान. दांडी मारायची नाही." पहिल्यांदा अकरा जण आले. मग पाच. मग मावशी, इस्त्री आणि मी. त्या दिवशी निघताना इस्त्रींनी छातीवर हात दाबून धरला होता. त्यानंतर ते आलेच नाहीत.

ते न आल्याच्या चौथ्या शनिवारी मी म्हणालो, "त्यांचं नाव सांगा. मी शोधतो."

मावशींनी कप खाली ठेवला.

"पालीला घाबरतो. अंगठ्याला कायम शाई. आई गेली तेव्हा इथे रडला," त्यांनी स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव नाही रे माहीत."



आम्ही जवळच्या हॉस्पिटलात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"इस्त्री."

"आडनाव?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मित्र."

"आणि नाव ठाऊक नाही?" बाई रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मग आम्ही जुन्या बारकडे गेलो. नव्या मालकाने तिथे काचेचं दार बसवलंय. भर दिवसा दोन तरुण मुलगे हातात हात घालून फोटो काढत होते. मला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून मावशींसमोर लाजही वाटली. दारातली मुलगी हसून म्हणाली, "या आजोबा, इथे सगळ्यांचं स्वागत आहे."

"स्वागत करायचं काम इथे माझं होतं, बाळ," मावशी म्हणाले. त्यांनी इस्त्रींचं वर्णन सांगितलं. असं कोणी आलं नव्हतं. दारावर कागद लावू का विचारलं, तर तिने नकारार्थी मान हलवली. "आमचं सगळं ऑनलाइन असतं. फोटो आणि नाव टाकून पोस्ट करा ना."

चहावाला कागद लावायला तयार झाला. मी लिहिलं, 'इस्त्री, मावशी तुमची वाट पाहत आहेत.' खाली मावशी स्वतःच्या घरचा पत्ता सांगू लागले. माझा हात थांबला. ते भावाच्या घरी राहतात. घरी सगळ्यांना वाटतं, ते साध्या हॉटेलात कामाला होते.

"फोन नंबर घालू," मी म्हणालो.

"फोनवर त्याला ऐकू येतं का? पत्ता घाल."

"घरी कळेल, मावशी."

"घाल म्हटलं ना!"

मी पत्ता घातला. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून घरापर्यंत गेलो. वहिनी दारातच वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आलात, भाऊजी? चेहरा का उतरलाय?"

मावशी चपला न काढताच उभे राहिले.

"वहिनी, कोणी येऊन 'मावशी आहे का' विचारलं, तर परत पाठवू नका. मी नसलो तरी बसवून ठेवा."

"मावशी? आपल्याकडे कुठली मावशी?"

"मी," ते म्हणाले. "ते वाटाणे ठेवा खाली. सांगायला वेळ लागेल."